कोणता माहितीपट दाखवावा?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे प्राचीन गाव. संत गोरोबाकाकांचे हे गाव. हा भाग कमी पावसाचा आहे. 2016 च्या दुष्काळात जवळच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा गावात लोकांना एकत्र बसवून पर्यावरणावरील माहितीपट दाखवायचा, तर तो कसा निवडावा?

प्रथम विषय पाहावा. 'ऑल दॅट ब्रीद्स' (2022) या माहितीपटात दिल्लीतील दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. तो सुंदर आहे. पण सुमारे दीड तासाचा आहे. तो शाळेत दोन भागांत दाखवता येईल. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांसाठी लहान आणि पाण्याविषयीचा माहितीपट बरा.

पानी फाउंडेशनने पाणी अडवण्याची कामे शिकवणारे मराठी लघुपट तयार केले. या संस्थेची पहिली वॉटर कप स्पर्धा 2016 साली तीन तालुक्यांत झाली. त्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुका होता. तेथे गावकऱ्यांनी श्रमदान करून चर खोदले, बांध घातले.

माहितीपट आधी स्वतः पूर्ण पाहावा. त्याची भाषा सर्वांना समजेल ना, हे तपासावे. नंतर चर्चेला वेळ ठेवावा. "आपल्या गावात यातले काय करता येईल?" असा प्रश्न ज्यामुळे लोकांच्या मनात येतो, तो माहितीपट योग्य समजावा.