हिवतापानंतरचे सोळाशे मीटर

१९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून विभक्त झाला, तरी दोहोंचे अरण्य, दोहोंचा पावसाळा आणि दोहोंकडील तरुणांची सरकारी नोकरीची आस एकच राहिली; आणि पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीतील ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावेचे, पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर, असल्यामुळे धानोरा, एटापल्ली, सिंदेवाहीकडील सडकांवर उजाडताच भरतीची मुले-मुली धावताना दिसतात. परंतु धानाची रोवणी आटोपते न आटोपते तोच हिवताप गावात शिरतो आणि महिनोन्‌महिने कमावलेला दम आठवड्याभरात हिरावून नेतो.

ताप उतरतो, मुलगा पूर्वीच्याच उमेदीने मैदानावर उभा राहतो, आणि दुसऱ्याच फेरीला त्याला धाप आवरत नाही. जुन्या वेळेशी आजची वेळ ताडून पाहत तो चार दिवसांत मैदान सोडतो. घरचे त्याला आळशी ठरवतात आणि दुर्दैवाने त्यालाही ते पटते. वस्तुतः या अनुत्साहाचा उगम रक्तात आहे. हिवतापाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशींत शिरून वाढतो आणि साधारण ४८ तासांनी त्या फोडून बाहेर पडतो. प्लीहा निरोगी पेशींचाही संहार करते आणि अस्थिमज्जेचे नवनिर्मितीचे काम मंदावते, म्हणजे खर्च वाढलेला असतानाच जमाही घटते. प्राणवायू वाहणाऱ्या पेशींची ही तूट भरून निघण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यातच संसर्गाशी झुंजताना शरीरात निर्माण होणारी सायटोकाइन नामक द्रव्ये मेंदूवर परिणाम करून हालचालीची इच्छाच क्षीण करतात. शक्ती रोगप्रतिकाराकडे वळावी अशी ती निसर्गाचीच तजवीज दिसते.

नुसत्या अंथरुणाचा प्रताप किती, हे अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली दिसून आले. पाच तरुणांना तीन आठवडे निजवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचजणांना पुन्हा तपासले असता तीन दशकांच्या वयाने केलेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीहून कमी भरली. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला मात्र तिच्यातील कमी गाजलेला भाग अधिक मोलाचा वाटतो: पाचांपैकी जे दोघे आधीपासून व्यायाम करीत, त्यांनाच पूर्वपदावर येण्यास इतरांहून जास्त दिवस लागले, कारण त्यांना अधिक उंची पुन्हा गाठावयाची होती. गावात जो सर्वांत वेगवान, त्यालाच आजारानंतर आपण कायमचे संपलो असे वाटण्याचा संभव सर्वांत अधिक.

म्हणून तापापूर्वीची वेळ तूर्त दप्तरात बांधून ठेवावी, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने सुरुवात करावी आणि तुलना केवळ गेल्या आठवड्याशी करावी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली प्रतिपादन केले की, स्वतःच्या सामर्थ्यावरील विश्वास प्रामुख्याने प्रत्यक्ष साधलेल्या यशातून येतो. आणि साधण्याजोगे यश या काळात लहानच असते. डाव्या बरगडीखाली दुखत असल्यास मात्र, प्लीहा सुजलेली असण्याचा संभव असल्यामुळे, डॉक्टरांना दाखविल्यावाचून धावू नये. पुढे दम परतला की निराळाच धोका संभवतो: कंडरा आणि हाडे हृदयाइतक्या लवकर सावरत नाहीत, आणि नव्या उत्साहाने अंतर एकदम वाढविणाऱ्याची नडगी ठणकू लागते.

व्हायवॅक्स जातीच्या तापाचे तर वेगळेच. त्याचा परजीवी यकृतात सुप्त राहत असल्याने प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या देतात. बरे वाटताच त्या मध्येच सोडून मैदान गाठणाऱ्याला काही महिन्यांनी, कदाचित ऐन चाचणीच्या सुमारास, तोच ताप पुन्हा गाठू शकतो.