निसटले ते तारेवर, सापडले ते उजेडात!

दोस्तांनो, तळहात आकाशाकडे करून मिनिटभर धरा बरं. एवढ्या वेळात म्युऑन नावाचे कितीतरी कण तुमच्या तळहातातून आरपार गेलेसुद्धा! ना टोचले, ना दिसले. मग शास्त्रज्ञांना ते सापडतात कसे?

अमेरिकेत शिकागोजवळ फर्मिलॅब नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या ‘इकारस’ यंत्रात ७६० टन आरगॉन भरलेला आहे. हो, तोच आरगॉन, जो आपल्या हवेत शंभरात जेमतेम एक भाग असतो! इथे तो उणे १८६ अंश सेल्सिअसपर्यंत गार केलेला, पाण्यासारखा पातळ असतो. अशा यंत्राची कल्पना शास्त्रज्ञ कार्लो रुबिया यांनी १९७७ मध्ये मांडली.

समजा, एक म्युऑन या द्रवात घुसला. वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत तो सुसाट पुढे जातो. अवघ्या एका सेंटिमीटरच्या वाटेत सुमारे ९० हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात! इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. इलेक्ट्रॉनवर ऋण भार, आयनावर धन भार, म्हणून दोघांना एकमेकांची जबर ओढ. पण यंत्रात दर सेंटिमीटरला ५०० व्होल्टचा विजेचा जोर लावलेला असतो. तो इलेक्ट्रॉनांना दूरच्या बारीक तारांकडे ओढतो.

आता रंगतो पकडापकडीचा डाव! राज्य आयनांवर. म्युऑन वेगात गेला, तर त्याच्या वाटेवर आयन विरळ असतात. शंभरातले सत्तरेक इलेक्ट्रॉन निसटतात, तीसेक पकडले जातात. पण थांबत आलेला प्रोटॉन हळू चालतो आणि थोड्याशा जागेत खूप अणू फोडतो. तिथे आयनांची ही गर्दी! पळायला वाव कुठे? पुष्कळ जण सापडतात. इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा एकत्र येण्याला पुनर्संयोग म्हणतात.

निसटलेले इलेक्ट्रॉन तारांपर्यंत पोचले की कणाची वाट रेघेसारखी उमटते. मग पकडले गेलेले वाया गेले का? मुळीच नाही! पुनर्संयोग झाला की आरगॉनचे दोन अणू क्षणभर जोडी जमवतात आणि लगेच विलग होतात. तेव्हा एक अतिनील किरण बाहेर पडतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या काचेतूनही जात नाही. म्हणून प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांवर एक खास लेप देतात. त्या किरणाचं रूपांतर तो दिसणाऱ्या उजेडात करतो.

नुसते तारांवरचे इलेक्ट्रॉन मोजले, तर प्रोटॉनची ऊर्जा आहे त्याहून कमी भासेल. म्हणून किती पकडले गेले, याचा हिशेब शास्त्रज्ञ आवर्जून धरतात. न्यूट्रिनोसारख्या लपूनछपून वावरणाऱ्या कणाची ऊर्जा याच हिशेबातून कळते.

आता तुमच्यासाठी कोडं. विजेचा जोर वाढवला तर काय होईल? डोकं चालवा! इलेक्ट्रॉन जास्त निसटतील, म्हणजे तारांवरची गर्दी वाढेल आणि उजेड कमी होईल. एक वाढलं की दुसरं घटतं, म्हणून तर दोन्ही मोजायचे!