पेडल स्टीलचा पुरावा

डॉली पार्टनचे 'हिअर यू कम अगेन' हे गाणे १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाले. गाणे तिचे नव्हे. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या मुरलेल्या पॉप गीतकार जोडप्याचे. निर्माता गॅरी क्लाइन, तोही पॉपच्या दुनियेतला. पियानोवर उड्या मारत चालणारी चाल, चढत जाणारे सूर; ऐकणाऱ्याला नॅशव्हिलची आठवण व्हावी असे त्यात काही नव्हते. नेमकी हीच धास्ती डॉलीला वाटली. तिने आग्रह धरून त्यात पेडल स्टील गिटार घालायला लावली. उद्या कुणी 'हे कंट्री नाही' म्हणालेच, तर त्याला ऐकवायला पुरावा हवा, हा तिचा हिशेब.

स्टील गिटारचा आवाज आपल्या कानांना परका नाही. तारांवरून धातूची कांडी सरकवत घसरते सूर काढायची हवाईयन गिटार जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून आपण ऐकली आहे. तिचाच पायपट्ट्या लावलेला अमेरिकी अवतार म्हणजे पेडल स्टील, आणि कंट्री संगीतात ती जवळजवळ ओळखपत्रासारखी असते. प्रश्न असा, की ओळखपत्र दाखवायची वेळ या बाईवर का यावी? टेनेसीच्या पूर्वेकडील डोंगरात १९४६ साली बारा भावंडांच्या गरीब घरात जन्मलेली, १९६४ मध्ये शाळेचा पदवीदान समारंभ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिल गाठणारी, 'कोट ऑफ मेनी कलर्स' आणि 'जोलीन' लिहिणारी ही गायिका. तिच्याहून अस्सल कंट्री आणायचे कुठून?

पण त्या दशकात नॅशव्हिलचे वातावरण तापलेले होते. १९७४ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला निवडले. ती ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका. चिडलेले कलावंत जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी पुरस्कार जाहीर करताना चार्ली रिचने जॉन डेन्व्हरच्या नावाची चिठ्ठी भर व्यासपीठावर लायटरने पेटवली. गंमत अशी, की पॉपच्या घुसखोरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या संघटनेत डॉलीही होती. तीन वर्षांत तीच कुंपणाच्या पलीकडे दिसू लागली.

याचे कारण बाजारात शोधावे लागते. अमेरिकेत कंट्रीची रेडिओ केंद्रे वेगळी, लोकप्रियतेची यादी वेगळी, श्रोता वेगळा. कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवूनही तोवर तिच्या एकाही अल्बमची विक्री दहा लाखांवर गेली नव्हती. १९७४ मध्ये तिने पोर्टर वॅगनरचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सोडला. त्या निरोपासाठी लिहिलेले 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' पुढे व्हिटनी ह्यूस्टनने जगभर नेले. मग डॉलीने लॉस एंजेलिसचा व्यवस्थापक सँडी गॅलिन नेमला, नातेवाइकांचा वाद्यवृंद मोडला आणि १९७७ च्या आरंभी 'न्यू हार्वेस्ट... फर्स्ट गॅदरिंग' हा अल्बम स्वतःच निर्माती होऊन काढला. त्याने पॉपचे दार किलकिले केले, उघडले नाही. दार उघडले ते 'हिअर यू कम अगेन'ने. कंट्रीच्या यादीत पाच आठवडे पहिला क्रमांक, बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत तिसरा. आणि त्याच नावाचा अल्बम दहा लाखांच्या पार.

तो अल्बम सलग ऐकला तर घर सोडलेल्या माणसाच्या सामानासारखा वाटतो. नव्या कपड्यांच्या घड्यांमध्ये आईने दिलेली गोधडी. रात्री आसरा मागायला आलेली लहान मुलगी आणि तिचे कुत्र्याचे पिल्लू, दोघेही सकाळपर्यंत मरतात, असे रडवे गाणे त्यात आहे. ते थेट डोंगरातल्या जुन्या शोकगीतांच्या कुळातले. उलट 'टू डोअर्स डाउन' हे तिचेच गाणे नंतर पॉपच्या कानाला रुचेल असे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि अल्बमच्या पुढच्या प्रतींत जुन्याच्या जागी नवे बसवले गेले. दुकानदार मालाची मांडणी बदलतो, तसे हे.

त्यानंतर डिस्को. आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचला तो १९८० च्या 'कुर्बानी'मुळे. अमेरिकेत तेव्हा त्याची लाट ओसरत होती. डिस्कोचे मर्म ढोलात असते. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर पायाच्या ड्रमचा सारखा ठोका. शब्दांकडे लक्ष नसले तरी पाय थांबत नाहीत. 'हार्टब्रेकर' (१९७८) या अल्बममधील 'बेबी आय'म बर्निन' याच ठोक्यावर उभे आहे. नृत्यगृहांसाठी त्याची बारा इंची तबकडीही निघाली. मात्र लहान तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एक संथ, भावुक गाणे होते. पॉप रेडिओने एक बाजू लावली. दुसरी बाजू कंट्रीच्या यादीत पहिली आली. एकाच वस्तूत दोन बाजारपेठा! आणि ज्या असोसिएशनवरून एवढे रणकंदन झाले होते, तिनेच १९७८ चा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सन्मान डॉलीला दिला.

टीकाकारांनी या अल्बमांत काय हरवले ते वाद्यांमध्ये शोधले. व्हायोलिनांचा ताफा आला, बँजो गेला वगैरे. मला ते चुकीच्या खोलीत शोधणे वाटते. वर सांगितलेले ठसठशीत डिस्को गाणे डॉलीने स्वतः लिहिलेले आहे; ठोका बदलल्याने तिची लेखणी बिघडली नव्हती. हरवत होती ती लेखणीची जागा. 'हिअर यू कम अगेन'च्या दहा गाण्यांपैकी चार तिची आहेत. १९८० च्या 'डॉली, डॉली, डॉली'त एकही नाही. मुखपृष्ठावर नाव तीनदा, आत गीतकार म्हणून एकदाही नाही. त्या अल्बममधील सर्वांत चांगले गाणे, उतारवयात मोडणाऱ्या संसाराचे, लिहिले आहे खुद्द डिस्कोसम्राज्ञी डॉना समरने, पती ब्रूस सुडानोबरोबर. ते कंट्रीच्या यादीत पहिले आले. म्हणजे डिस्कोकडून कंट्रीत येणारी वाटही होती. पहारा मात्र एकाच दिशेला बसवलेला.

हा क्रम मोडला 'नाइन टू फाइव्ह'ने. कचेरीत राबणाऱ्या बायकांवरील या चित्रपटात डॉलीने जेन फोंडा आणि लिली टॉमलिन यांच्याबरोबर काम केले. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात स्वतःची लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासून तिने टंकलेखन यंत्राचा ठेका धरला आणि शीर्षकगीत रचले. १९८१ च्या आरंभी ते कंट्री आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत पहिले होते. त्यासोबतचा 'नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्स' हा अल्बम मात्र फारसा ऐकला जात नाही, याचे वाईट वाटते. सगळी गाणी कष्टाची. कोळसा खाणीतल्या मजुरांवरचे मर्ल ट्रॅव्हिसचे गाणे त्यात आहे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात विमान कोसळून मेलेल्या, बातमीत नावेही न आलेल्या मेक्सिकन शेतमजुरांवरचे वुडी गथ्रीचे गाणेही आहे. आणि 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुने लोकगीत तिने तिथे चक्क डिस्कोच्या ठोक्यावर गायले आहे.