पडद्यावरील गोळीबार आणि वास्तवाची शिस्त

मारधाडीच्या चित्रपटांतील बंदुकीच्या चकमकी जगभरच्या प्रेक्षकांनी असंख्य वेळा पाहिलेल्या असतात. मात्र प्रत्यक्ष गोळीबाराला सामोरे जाण्याची वेळ सुदैवाने फार थोड्यांवर येत असल्यामुळे, शस्त्र कसे चालते, त्याचा आवाज केवढा होतो आणि गोळी लागलेल्या माणसाचे काय होते, याविषयीची बहुतेकांची समजूत पडद्यावरूनच घडलेली असते. त्यामुळे एखादी चकमक कितपत वास्तववादी आहे हा प्रश्न केवळ शस्त्रांच्या जाणकारांपुरता उरत नाही. येथे वास्तववाद म्हणजे नटाच्या हाती खऱ्या बनावटीचे पिस्तूल असणे नव्हे, तर दारूगोळ्याच्या, नेमाच्या, आवाजाच्या आणि मानवी शरीराच्या मर्यादा कथेने मान्य करणे होय. या मर्यादा जेथे पाळल्या जातात तेथेच गोळीबाराला वजन येते आणि हिंसेची खरी किंमत प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ लागते.

हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात ‘प्रॉडक्शन कोड’, म्हणजे चित्रपट उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली नैतिक आचारसंहिता, अमलात होती. रक्त आणि जखमा दाखवण्यावर तिची बंधने असल्याने त्या काळातील चित्रपटांत गोळी लागलेला माणूस बहुधा छातीवर हात ठेवून, कपड्यांवर डागही न पडता कोसळत असे. १९६७ मध्ये आर्थर पेन यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ने आणि १९६९ मध्ये सॅम पेकिनपा यांच्या ‘द वाइल्ड बंच’ने ही चौकट मोडली. या दोन्ही चित्रपटांत ‘स्क्विब’चा, म्हणजे नटाच्या कपड्यांखाली बसवून विजेच्या साहाय्याने फोडण्यात येणाऱ्या आणि सोबतची कृत्रिम रक्ताची पिशवी उडवणाऱ्या अगदी लहान स्फोटकाचा, परिणामकारक वापर झाला. गोळीमुळे शरीर फाटते हे प्रेक्षकाला प्रथमच इतक्या ठसठशीतपणे दिसले. तथापि रक्त दिसणे वेगळे आणि शस्त्राचे यथार्थ वर्तन दिसणे वेगळे, आणि हा दुसरा टप्पा गाठण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

हे वर्तन समजण्यासाठी काडतुसाची रचना थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेले ठिणगी देणारे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी असे काडतुसाचे चार भाग असतात. चाप ओढला की आघाताने प्रायमर पेटते, दारू जळून तप्त वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. स्वयंचलित शस्त्रांत याच ऊर्जेच्या बळावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मॅगझिनमधील, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या पेटीतील, पुढचे काडतूस नळीत चढते. मिनिटाला सुमारे ८०० फैरींच्या वेगाने चालणारी रायफल सलग झाडली, तर ३० काडतुसांची मॅगझिन अडीच सेकंदही पुरत नाही. म्हणूनच मॅगझिन न बदलता मिनिटभर अखंड गोळ्या झाडणारा नायक हा वास्तवाला सर्वांत सहज कळणारा छेद आहे, आणि प्रशिक्षित माणूस रायफल बहुधा एकेक नेमकी गोळी झाडण्यासाठी किंवा अगदी थोडक्या फैरींसाठी वापरतो, ते याच कारणाने.

शस्त्र हाताळण्याच्या सवयींतही असाच भेद दिसतो. अनेक चित्रपटांत नायक समोरच्याला धमकावताना पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून खट्कन आवाज काढतो. परंतु नळीत काडतूस आधीच चढलेले असेल तर या कृतीने ते न झाडताच बाहेर पडते, आणि चढलेले नसेल तर तोपर्यंत नायक धोक्याच्या जागी झाडण्यास अयोग्य असे शस्त्र घेऊन वावरत होता, असा त्याचा अर्थ होतो. याउलट, खऱ्या प्रशिक्षणाची खूण बोटाच्या जागेवरून पटते. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या चार सुरक्षानियमांनुसार प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानावे, ज्याचा नाश करायचा नाही त्याकडे नळी कधीही रोखू नये, नेम धरला जाईपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्य तसेच त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करून घ्यावी. यांतील चौथा नियम चित्रपटांत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, कारण नायकाची चुकलेली गोळी कोठे जाते हे क्वचितच दाखवले जाते.

गोळी लागलेला माणूस हवेत मागे फेकला जाणे ही आणखी एक रूढ कल्पना होय. न्यूटनच्या नियमानुसार शस्त्र झाडणाऱ्याला बसणारा धक्का आणि गोळीने समोरच्याला दिलेला धक्का यांचे परिमाण जवळपास सारखेच असते. आठ ग्रॅम वजनाची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात जाऊन थांबली, तर त्या शरीराला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो, जो माणसाला ढकलण्यासही पुरेसा नाही. गोळी माणसाला निष्क्रिय करते ती मेंदू वा पाठीचा कणा यांना इजा झाल्यास, किंवा रक्तस्रावामुळे. आणि रक्तस्रावाला वेळ लागतो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीजवळ एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात जी चकमक झाली, तीत एका दरोडेखोराला अखेरीस प्राणघातक ठरेल अशी जखम आरंभीच झाली होती. तरीही तो लढत राहिला, आणि पाच मिनिटांच्या आत आटोपलेल्या त्या चकमकीत दोन अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. या घटनेनंतर एफबीआयने आपली पिस्तुले आणि काडतुसे यांचा मुळापासून फेरविचार केला.

आवाजाच्या बाबतीतही पडदा दिशाभूल करतो. बंदुकीचा आवाज साधारणतः १४० डेसिबलहून अधिक, म्हणजे संरक्षणाविना कानांना कायमची इजा करू शकेल एवढा असतो. बंद खोलीत तर त्याची तीव्रता अधिकच जाणवते. असे असूनही पडद्यावर गोळीबार थांबताच पात्रे हळू आवाजात संभाषण करू लागतात. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेला सायलेन्सर नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूला टप्प्याटप्प्याने पसरू देतो आणि त्यामुळे आवाज साधारणपणे २० ते ३५ डेसिबलने उतरतो, म्हणजे तो शिल्लक राहतोच. शिवाय गोळीचा वेग ध्वनीपेक्षा जास्त असल्यास हवेत होणारा तिचा स्वतंत्र कडाका सायलेन्सरने थांबत नाही. गर्दीच्या सभागृहात शेजाऱ्यालाही न कळता गोळी झाडली जाते, ही सर्वस्वी पटकथेची सोय आहे.

या साऱ्या मर्यादांचा विचार करून रचलेल्या चकमकीचे उदाहरण म्हणून मायकल मान यांच्या १९९५ मधील ‘हीट’ या चित्रपटाचे नाव आजही अग्रक्रमाने घेतले जाते. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातील रस्त्यांवर बँक लुटून बाहेर पडणारी टोळी आणि पोलीस यांच्यातील हा प्रसंग चित्रित करण्यापूर्वी रॉबर्ट डी नीरो, व्हॅल किल्मर आणि अल पचिनो यांच्यासह प्रमुख नटांना प्रत्यक्ष शस्त्रे चालवण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि त्यासाठी ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाचे माजी सैनिक अँडी मॅकनॅब यांचे मार्गदर्शन लाभले. त्याचा परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसतो. टोळीतील एक जण गोळीबार करून पोलिसांना खाली दबून राहण्यास भाग पाडतो आणि तेवढ्या अवधीत दुसरा जागा बदलतो. मग दोघांच्या भूमिका उलटतात. किल्मर यांचे पात्र रिकामी मॅगझिन काढून नवी चढवते ती क्रिया इतकी सफाईदार आणि विनासायास होते की तिच्यातून त्या पात्राचे पूर्वायुष्य एका शब्दावाचून कळते. गाड्यांच्या काचा आणि पत्रे यांची गोळ्यांनी चाळण होते, कारण मोटारीचे दार दृष्टीपासून आडोसा देते, गोळीपासून नव्हे. गोळी खऱ्या अर्थाने अडवण्याची शक्यता असते ती इंजिनाच्या जाड धातूची.

या प्रसंगाचे सर्वांत मोठे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत आहे. नंतर स्टुडिओत तयार केलेले आवाज जोडण्याऐवजी मान यांनी चित्रीकरणस्थळीच मुद्रित झालेला, उंच इमारतींच्या भिंतींवर आदळून परतणारा कर्णकर्कश आवाज अंतिम चित्रपटात राखला आणि पार्श्वसंगीत बाजूला ठेवले. संगीताच्या आधाराविना प्रेक्षकाला वीरश्रीची दिशा मिळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो गोंधळ, भय आणि रस्त्यावर जीव मुठीत धरून पळणारी सामान्य माणसे. टोळीतील एक जण लहान मुलीला ढालीसारखे उचलून घेतो तेव्हा पचिनो यांचा पोलीस अधिकारी फैरी झाडत सुटत नाही, तर थांबतो, नेम धरतो आणि एकच गोळी झाडतो. शस्त्राच्या शिस्तीचे आणि माणसाच्या जबाबदारीचे नाते येथे जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही संवादाने झाले नसते.

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर सव्वा वर्षाने, २८ फेब्रुवारी १९९७ रोजी, त्याच शहराच्या नॉर्थ हॉलिवूड भागात गोळीरोधक कवच घातलेल्या आणि स्वयंचलित रायफली बाळगणाऱ्या दोन दरोडेखोरांनी बँक लुटून पोलिसांशी सुमारे ४४ मिनिटे लढा दिला. गस्तीवरील पोलिसांची पिस्तुले आणि शॉटगन त्या कवचापुढे निष्प्रभ ठरल्याने त्यांना जवळच्या शस्त्रविक्रेत्याकडून रायफली आणाव्या लागल्या. दोन्ही दरोडेखोरांचा मृत्यू झाला आणि अनेक पोलीस व नागरिक जखमी झाले. चकमकीचा निकाल शौर्याइतकाच साधनांवर अवलंबून असतो, हे या घटनेने दाखवून दिले.

हीच गोष्ट मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अनुभवली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या दोन दहशतवाद्यांसमोर असलेल्या पोलिसांपैकी अनेकांच्या हाती लाठ्या आणि काहींच्या हाती जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफली होत्या, ज्यांत प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी मागेपुढे सरकवावी लागते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्या दोघांपैकी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि अनेक गोळ्या झेलत सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडण्याची संधी दिली. या हौतात्म्याबद्दल त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. शस्त्रांच्या मर्यादा दाखवल्याने शौर्य उणावते असा चित्रपटकारांचा समज असेल, तर या घटनेने तो खोटा ठरतो. मर्यादा ठाऊक असल्यामुळेच ओंबळे यांच्या कृतीची थोरवी कळते.

हाताळणी अचूक असली म्हणजे सारी चकमक वास्तववादी होते, असेही नाही. २०१४ पासूनच्या ‘जॉन विक’ मालिकेत कियानू रीव्हज यांनी प्रशिक्षक टॅरन बटलर यांच्याकडे कसून सराव केला. त्यांचे मॅगझिन बदलणे, नेम धरणे आणि शरीराची ठेवण यांत ते परिश्रम दिसतात. परंतु एकाच माणसाने डझनावारी प्रशिक्षित मारेकऱ्यांना जवळपास न चुकता टिपणे ही निव्वळ कल्पना आहे. रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांविषयी २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, समोरूनही गोळीबार होत असलेल्या चकमकींत पोलिसांच्या सुमारे १८ टक्के गोळ्याच लक्ष्यावर लागल्या होत्या. भीतीने हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, दृष्टीचा आवाका आक्रसतो, आणि सरावातील कौशल्याचा फार थोडा भाग प्रसंगी हाती उरतो.

वास्तववादाच्या या आग्रहाला एक गंभीर बाजू आहे, ती चित्रीकरणस्थळावरील सुरक्षिततेची. चित्रपटांत ‘ब्लँक’, म्हणजे दारू असलेले पण गोळी नसलेले, आणि ‘डमी’, म्हणजे गोळी दिसते पण दारू नसते असे काडतूस वापरले जाते. ब्लँकमधून बाहेर पडणारा वायू अगदी जवळून प्राणघातक ठरू शकतो. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला तो या दोन प्रकारांच्या गफलतीतून: प्रायमर शिल्लक राहिलेल्या सदोष डमीची गोळी नळीत अडकून बसली होती आणि पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या ब्लँकच्या दाबाने ती बाहेर पडली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या तालमीत तर शस्त्रात खरे काडतूस निघाले आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. चित्रीकरणाच्या शस्त्रांची देखभाल करणाऱ्या तज्ज्ञाला आर्मरर म्हणतात. या प्रकरणातील आर्मररला २०२४ मध्ये न्यायालयाने मनुष्यवधाच्या आरोपात दोषी धरून १८ महिन्यांची शिक्षा सुनावली. या दुर्घटनेनंतर ‘द रूकी’ या अमेरिकी मालिकेने खरी शस्त्रे वर्ज्य करून हवेच्या दाबावर चालणाऱ्या नकली बंदुका आणि संगणकाने जोडलेल्या ज्वाळा वापरण्याचे ठरवले.

नटाची हालचाल, बोटाची जागा, मॅगझिनची मोजदाद, ध्वनीचा प्रामाणिकपणा आणि जखमेचा परिणाम यांपैकी एकाही गोष्टीसाठी चित्रीकरणाच्या वेळी खरे काडतूस जवळ असण्याची गरज नसते. त्यासाठी लागतो तो अभ्यास, सराव आणि दिग्दर्शकाचा निर्धार. भारतीय दिग्दर्शकांनीही एवढी तयारी गृहीत धरावी आणि प्रेक्षकांनी तिची अपेक्षा करावी, कारण गोळीबाराच्या दृश्याचा दर्जा किती गोळ्या झाडल्या यावर नव्हे, तर प्रत्येक गोळीचा हिशेब कथेने दिला की नाही यावर ठरतो.