शिंगराचा जन्म आणि पैदासकाराचे उत्तरदायित्व

पेण-नागोठण्याच्या वाटेने अलिबाग, नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकाला, तसेच नेरळहून माथेरान गाठणाऱ्याला, घोडा भेटतो तो पाठीवर खोगीर चढलेला, कामाला जुंपलेला आणि पूर्ण वाढ झालेला. हे जनावर कोणी, कोणत्या हेतूने जन्माला घातले आणि त्याची पहिली तीन-चार वर्षे कशी गेली, याची विचारपूस सहसा होत नाही. घोड्यांच्या पैदाशीतील नैतिक प्रश्न मात्र नेमके त्याच काळात दडलेले आहेत. शिंगराच्या संगोपनाची, त्याच्या शरीराच्या सुदृढतेची आणि उपयोग संपल्यानंतरच्या आयुष्याची कोणतीही तजवीज न करता, केवळ शर्यतीच्या, विक्रीच्या किंवा हौसेच्या आशेवर घोडी भरवणे म्हणजे बेजबाबदार पैदास होय.

घोडीचा गर्भकाळ सुमारे 11 महिन्यांचा असून ती सहसा एका वेळी एकाच शिंगराला जन्म देते. निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते, दोन तासांच्या आत आचळाला लागते आणि घोडीची जार तीन तासांत पडावी अशी अपेक्षा असते. यांपैकी काहीही लांबले तर पशुवैद्याला तातडीने बोलवावे लागते. घोडीच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, गर्भात असताना शिंगरापर्यंत पोहोचत नाहीत. ती त्याला केवळ चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता सुमारे 24 तासांत संपते. त्यामुळे रात्री व्यालेल्या घोडीकडे सकाळपर्यंत कोणी फिरकलेच नाही, तर चिकाला मुकलेल्या शिंगराच्या रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो, सांधे सुजू शकतात आणि वाचलेच तर ते अनेकदा अधू राहते. पुढेही नालबंदाकडून दर चार-सहा आठवड्यांनी खूर तासून घेणे, जंतनाशक देणे, धनुर्वाताची लस टोचणे आणि पाच-सहा महिन्यांनी दूध तोडताना त्याला इतर शिंगरांची सोबत देणे आवश्यक असते. पायातील जन्मजात वाकडेपणा पहिल्या काही आठवड्यांत लक्ष दिल्यास बऱ्याच अंशी सुधारतो. तो काळ दवडला की जनावर जन्माचे लंगडे होऊ शकते.

महाराष्ट्रात शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचे केंद्र पुणे परिसरात आहे. 1946 मध्ये स्थापन झालेला पूनावाला स्टड फार्म हे त्याचे परिचित उदाहरण, तर मुंबईचे 1883 चे महालक्ष्मी रेसकोर्स हे या शिंगरांच्या मालकांचे स्वप्न. येथे पळतात ते थरोब्रेड, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात अरबी आणि तुर्की नरांचा तिथल्या माद्यांशी संकर करून घडवलेल्या जातीचे घोडे. या जातीत कृत्रिम रेतनाला जगभर मनाई असून प्रत्येक शिंगराची वंशावळ काटेकोरपणे नोंदवली जाते. उत्तर गोलार्धात जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू शर्यतीच्या हिशेबाने 1 जानेवारीलाच एकत्र एक वर्षाचे ठरते, त्यामुळे घोड्या वर्षाच्या आरंभी व्याव्यात याकडे धंद्याचा कल असतो. दीड वर्षाच्या सुमारास शिंगराला स्वाराची सवय लावली जाते आणि दोन वर्षांचे होताच ते शर्यतीला उभे राहू शकते. वस्तुतः घोड्याच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. मोठ्या फार्मवर पशुवैद्य आणि अनुभवी मोतद्दार असतात, म्हणून तेथे शिंगराचे हाल होतीलच असे नाही. खरी अडचण आकड्यांच्या मेळात आहे, कारण जिंकणारे घोडे मोजके असतात, बहुतेकांची कारकीर्द काही वर्षांतच आटोपते आणि घोड्याचे आयुष्य मात्र 25 ते 30 वर्षांचे असते.

देशी घोड्यांच्या बाबतीत दोष वेगळ्या ठिकाणी आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची किंमत ठरताना रंग, कानांची वळणे, अंगावरचे भोवरे आणि पंचकल्याणीसारखी शुभ मानलेली लक्षणे यांना मोठे वजन असते. देखण्या लक्षणांसाठी जवळच्या नात्यातील घोडा-घोडीचा संकर वारंवार केल्यास दडलेले आनुवंशिक दोष वर येण्याचा धोका वाढतो, आणि अपेक्षित रंग न उतरलेले शिंगरू मालकाच्या लेखी ओझे ठरते. याउलट दख्खनच्या भटक्या मेंढपाळांनी सांभाळलेली भीमथडी घोडी पाठीवर बिऱ्हाड वाहून नेण्यासाठी वाढवली जाते, म्हणून तिच्या शिंगराला जन्मतःच काम आणि जागा ठरलेली असते.

उपयोग संपलेल्या घोड्याचे काय होते, याची उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिन संस्थेकडे रक्तद्रव मिळवण्यासाठी जात असत, आणि त्याच ओळखीतून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना साकारली. सर्पदंशावरील प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तातूनच तयार होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये शहरातील हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा चालकांच्या पोटापाण्याबरोबरच घोड्यांच्या भवितव्याचा प्रश्नही उभा राहिला. 2020 च्या टाळेबंदीत माथेरानचे पर्यटक थांबले आणि अश्वपालांना चंदी-चाऱ्यासाठी मदतीकडे डोळे लावावे लागले. कमाई थांबली तरी घोड्याचे पोट थांबत नाही, हे या सर्व प्रसंगांत समान आहे.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि ते उपासमारीत सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु कलम 11 खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा 10 ते 50 रुपये असून त्या रकमेत आज पेंढ्याच्या चार पेंढ्याही येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नागराज निकालात उपासमार, अस्वस्थता, इजा व रोग, भीती यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वर्तनाची मुभा ही पाच स्वातंत्र्ये या कायद्यात अंतर्भूत मानली. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राने 2017 मध्ये स्वतंत्र नियम केले, पण त्यांच्या कक्षेत घोडी आणि शिंगरू येत नाहीत. परदेशाचे पाहता, आयर्लंडमध्ये आर्थिक तेजीच्या काळात बेसुमार शिंगरे जन्माला आली आणि 2008 च्या मंदीनंतर असंख्य घोडे बेवारस सुटले. पुढे 2019 पासून ब्रिटन व आयर्लंडमध्ये थरोब्रेड शिंगराचा जन्म 30 दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक झाले, जेणेकरून जनावराचा माग पहिल्या महिन्यापासून ठेवता यावा.

आपल्याकडे वंशावळीची नोंद ठेवण्याचे कौशल्य शर्यतीच्या क्षेत्रात आधीच आहे. तीच नोंद प्रत्येक विक्रीबरोबर पुढे नेऊन मृत्यूपर्यंत चालवणे, सदोष जनावरे पैदाशीतून वगळणे, अनावश्यक नर खच्ची करणे आणि शर्यतीच्या बक्षिसांतून निवृत्त घोड्यांसाठी निधी राखणे अशक्य नाही. सारंगखेड्याला किंवा किनाऱ्यावरच्या सवारीसाठी घोडा घेणाऱ्यानेही रंग आणि भोवऱ्यांआधी खूर, दात आणि लसीकरणाची चौकशी केली, तर बाजाराचा कल बदलू शकतो. घोडी भरवण्याचा निर्णय माणूस घेतो, जनावर घेत नाही. म्हणून शिंगराच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा पहिला जाब, घोडा कितीही हात बदलला तरी, तो निर्णय घेणाऱ्यालाच विचारला गेला पाहिजे.