पश्चिमेची भिंत

पत्र्याला चुना मारला तरी रात्री खोली भट्टीसारखी तापलेली का राहते, असं बऱ्याच जणी विचारतात. आम्ही म्हणतो, दिवेलागणीला पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात टेकवून बघा. हात पोळला, तर कारण सापडलं.

दुपार कलली की ऊन त्या भिंतीवर समोरून येतं. वीट दिवसभर तापते आणि रात्री खोलीत उष्णता सोडते. जुन्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असायच्या, ऊब आत पोचेपर्यंत रात्र सरायची. आता वीट चार इंची. पंखा काय करणार, तीच गरम हवा फिरवणार! आणि त्याच खोलीत बाळंतीण असते, म्हातारी सासू असते.

भिंत पाडून जाड करणं कुणाला परवडतं? त्यापेक्षा ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. बांबूच्या चौकटीला तुराट्या बांधून ताटी करा आणि भिंतीपासून वीतभर लांब उभी करा. वर-खाली मोकळं ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते. ताटी भिंतीला चिकटवली तर हा फायदा जातो, शिवाय वाळवी चढते. पाय दगडावर टेकवा. चूल आणि विजेची वायर यांपासून मात्र ती लांबच हवी, वाळक्या तुराट्या क्षणात पेटतात. पावसाळ्याआधी काढून ठेवा.

दोडक्याचा, घोसाळ्याचा वेलही चालतो. आळं भिंतीपासून दोन हात लांब करा, नाहीतर ओल धरते.

भिंतीला बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. कळीचा चुना विरघळताना उकळतो, पोरांना जवळ येऊ देऊ नका, डोळे सांभाळा. पैसे थोडे असतील तर आधी पश्चिम, मग पूर्व. वैशाखात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेची भिंत त्या मानाने कमी तापते.

काही जणी आतून थर्माकोल चिकटवतात. ते नकोच. ठिणगी पडली की भडकतं, धूर विषारी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही नको, ओल आत कोंडून माती भुसभुशीत होते. तिथे आपलं शेणमातीचं लिंपणच बरं.

तूर निघाली की सगळ्या तुराट्या सरपणात घालू नका, ताटीपुरते भारे आधीच बाजूला काढून ठेवा.