मादलेन व्हिओने आणि उरेब काप

वस्त्ररचनाकाराची गणना कारागिरांत करावी की कलावंतांत, हा प्रश्न पॅरिस येथील मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) यांच्या कार्याच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो.

व्हिओनेबाईंनी बालवयातच शिवणकामाची उमेदवारी पत्करली. लंडनमध्ये आणि नंतर पॅरिसमधील कालो भगिनी व जाक दूसे यांच्या पेढ्यांत अनुभव घेऊन १९१२ मध्ये त्यांनी स्वतंत्र पेढी काढली. महायुद्धामुळे ती १९१४ मध्ये बंद पडली. युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झाली.

त्यांचे वैशिष्ट्य समजण्यासाठी कापडाचा गुणधर्म ध्यानी घ्यावयास हवा. विणलेल्या कापडातील उभे व आडवे धागे परस्परांशी काटकोन करतात. धाग्याच्या दिशेने ओढल्यास कापड फारसे ताणले जात नाही. परंतु ४५ अंशांच्या तिरप्या दिशेने ओढल्यास तो काटकोन बदलतो आणि कापड लांबते, रुंदीला आकसते. हीच आपल्या शिंप्यांची ‘उरेब’ दिशा होय. गळ्याच्या वळणावर उरेब पट्टी बिनसुरकुतीची बसते, ती याच गुणामुळे. असा काप पूर्वी मुख्यतः गळपट्टी, किनार इत्यादींपुरता वापरीत. व्हिओनेबाईंनी संपूर्ण पोशाखच उरेब बेतला. कागदावर चित्र न काढता त्या लहान लाकडी बाहुलीवर प्रत्यक्ष कापड लपेटून रचना सिद्ध करीत. या कापासाठी अधिक पन्ह्याचे कापड लागे. मात्र असा पोशाख कॉर्सेटवाचून अंगाच्या ठेवणीप्रमाणे वळे.

अशा रचनेची चोरी सहज होते. म्हणून प्रत्येक पोशाखाची निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांनी ती नोंदवून ठेविली, आणि पोशाखाच्या चिठ्ठीवर अंगठ्याचा ठसा उमटविला. कामगार स्त्रियांना पगारी रजा व दवाखान्याची सोयही त्यांनी दिली. १९३९ मध्ये पेढी बंद झाली.

१९५२ मध्ये त्यांनी आपले पोशाख, नमुने व छायाचित्रसंग्रह फ्रान्समधील वस्त्रेतिहासाच्या संस्थेस अर्पण केले. उरेब पोशाखाचे मर्म त्याच्या कापात व शिवणीत असते. छायाचित्रावरून ते उलगडत नाही. मूळ वस्त्रे जतन झाल्यामुळेच बेटी कर्क या अमेरिकन अभ्यासिकेस त्यांचे काप उकलून ग्रंथरूपाने मांडता आले. अलाइया, गॅलियानो यांसारख्या उत्तरकालीन रचनाकारांच्या कामातही ही परंपरा दिसते.

पद्धती तपासता येते, शिकविता येते व पुढे नेता येते. तेव्हा व्हिओनेबाईंचे कार्य हे कलेइतकेच शास्त्रही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.